बिनजाळाची आग

१

खर्ड्याजवळच्या माळावर मच्छिंद्र सापडला तेव्हा ऊन ऐन माथ्यावर होतं, आणि त्याच्या आजूबाजूची गवताची एक काडीही करपलेली नव्हती. तो मात्र भाजला होता. डाव्या अंगानं, कानापासून कमरेपर्यंत, भट्टीच्या तोंडाशी धरावा तसा. उजव्या खिशातली चुन्याची डबीसुद्धा शाबूत होती. धूर कुणी पाहिला नव्हता, जाळ कुणी पाहिला नव्हता. दिवसाढवळ्या उघड्या माळावर माणूस पेटला आणि विझला, आणि गावाला त्याचा पत्ता नाही.

मच्छिंद्र तिथला राखणदार. माळावर मोबाईलचा टॉवर होता आणि टॉवरला वीज पुरवणारी एक पांढरी पेटी, लहानशा खोलीएवढी. शेजारी जाळीच्या पिंजऱ्यात हायड्रोजनच्या टाक्या. पेटीत तो वायू आणि हवेतला ऑक्सिजन यांची गाठ पडायची, वीज निघायची, आणि मागं उरायचं ते थोडं कोमट पाणी. ना धूर, ना धडधड. या यंत्राला फ्युएल सेल म्हणतात, हे गावाला सांगून झालं होतं. गाव त्याला 'मुकी पेटी' म्हणायचं आणि संध्याकाळनंतर तिकडं फिरकायचं नाही.

पेपरात 'विजेचा धक्का' असं छापून आलं. गावानं ते वाचून बाजूला ठेवलं. कारण त्याच दिवशी म्हातारा छगन आपल्या पायांनी पोलिस ठाण्यात गेला आणि फौजदारांपुढं हात जोडून म्हणाला, "म्या मारला त्याला. मला आत घ्या."

भार्गवी नांदूरकर ही पेटी बनवणाऱ्या कारखान्यात इंजिनिअर होती, नगरच्या एमआयडीसीत. मालक रविकांत यांनी तिला बोलावून घेतलं.

"तू जा. यंत्र आपलं होतं, आग आपली नव्हती, एवढं पोलिसांच्या गळी उतरवून ये."

"आणि आपली असली तर?"

रविकांतनी खिडकीबाहेर बघितलं. "तर पुढच्या सगळ्या पेट्या भंगारात जातील. जा."

भार्गवी खर्ड्याला पोचली तेव्हा ठाण्याच्या पत्र्यातून ऊन नुसतं ओघळत होतं. फौजदार सूर्यभान डोक्यावर ओला पंचा टाकून बसले होते. त्यांनी टेबलाखालून एक पोतं ओढलं.

"बाई, तुम्ही शास्त्र शिकलेल्या. आता हे बघा आणि सांगा. कुंपणापाशी सापडली. गाव म्हणतंय करणी केली."

पोत्यात केरसुणी होती, शिंदीच्या पात्यांची. टोकाकडची पाती जळाली होती, आणि जळाली होती तीही कशी, विळ्यानं तिरकी छाटावी तशी. मुठीकडचा भाग कोरा करकरीत.

भार्गवीनं ती हातात घेऊन जळलेल्या कडेवरून बोट फिरवलं.

"फौजदारसाहेब, ही करणी नाही. मेलेल्या माणसाजवळ त्या दिवशी दुसरं कुणीतरी होतं. आणि ते माणूस आमच्या धंद्यातलं होतं."

२

छगन कोठडीत भिंतीला टेकून बसला होता. काटकुळा, पांढऱ्या मिशांचा. भार्गवी गजाबाहेर पोलिसाच्या स्टुलावर बसली.

"बाबा, तुम्ही मच्छिंद्रला कसं मारलंत?"

"त्वांडानं," छगन म्हणाला. "त्या पेटीच्या जाग्यावर आसरांचे सात दगूड हुते. माझ्या बापानं पुजले, आज्यानं पुजले. पेटी आली तवा मच्छिंदरनं ते उचलून वढ्याच्या वगळीत टाकले. म्हनला, साहेबांचा हुकूम हाय. म्या त्याच्या दारात उभं ऱ्हाऊन बोल्लो, तू उभ्या उन्हात जळशील आन् तुला जाळ दिसनार न्हाई."

"असंच म्हणालात? जाळ दिसणार नाही?"

"आसरांचा जाळ दिसत न्हाई, पोरी. त्या पान्यातल्या बाया. त्यांचं समदं उलटं."

ज्या गोष्टीसाठी तिला चार वर्षं कॉलेजात घालवावी लागली होती, ती म्हाताऱ्याच्या तोंडून सहज बाहेर पडली होती.

"ती केरसुणी तुमची का?"

"माझीच. माळाच्या वाटंला पयलं खोपाट माझं हाय. मी आत पडलो हुतो, जरा डोळा लागला हुता. उठलो तर दाराआडची केरसुनी न्हाई. तवाच समजलो. आसरांनी माझं बोलनं उचललं, आन् नेताना लक्षुमी घिऊन गेल्या. थोड्या येळानं मच्छिंदर मेल्याचा गलका झाला."

"झोपेत गाडीचा आवाज आला का?"

छगननं मान हलवली. मग आठवून म्हणाला, "गाडी न्हाई. पर आदुगर नाग फुसकारल्यागत आवाज हुता. लई मोठा नाग. मग एकदम गप झालं."

बाहेर आल्यावर सूर्यभान म्हणाले, "गावातली पोरं त्याचं खोपट पेटवायला निघाली होती. मी आत ठेवलाय म्हणून जगलाय तो. सोडायचा तर मला कोण हे दाखवावं लागेल, कोण नाही एवढं सांगून भागायचं नाही."

३

दुसऱ्या दिवशी भार्गवी माळावर गेली. झाड नाही, सावली नाही. लांबवर किल्ल्याचा बुरूज झळांमध्ये हलताना दिसत होता. टॉवर आता डिझेलच्या जनरेटरवर चालू होता आणि त्याची धडधड सगळ्या माळावर पसरली होती. मुकी पेटी खरोखरच मुकी उभी होती.

हर्षल तिथं थांबला होता. जामखेडचा तंत्रज्ञ, पेटीची देखभाल त्याच्याकडं. त्याचे ओठ सुकले होते.

"मॅडम, पेटीची किल्ली एकच, ती माझ्या गळ्यात. पिंजऱ्याची मच्छिंद्रकडं. त्या दिवशी मी जामखेडला बहिणीच्या घरी होतो. घरभर पाहुणे होते, कुणालाही विचारा. टॉवर बंद झाल्याचा मेसेज आला, मी इकडं पोचलो तर हे असं."

"गॅस संपल्यामुळं बंद झाला म्हणून तू कळवलंस."

"रविकांतसाहेबांनी तसं सांगायला लावलं." त्यानं खाली बघितलं. "गॅस संपला नव्हता. टाकी अर्धी होती. व्हॉल्व्ह कुणीतरी बंद केला होता."

भार्गवी पिंजऱ्यात शिरली. खाली सिमेंटचा कोबा, भोवती खडी. पेट घ्यायला काही नव्हतंच. टाकीच्या तोंडाशी नळी जोडणारी पितळी नट होती. तिच्यावर पान्याचे ताजे ओरखडे होते. तिनं नट सोडवली. आतली वॉशर नवी कोरी, आरशासारखी चमकत होती.

"ही कधी बदललीस?"

"मी? मी हात लावला नाही, मॅडम. उद्घाटनापासून हे कुणी खोललंच नाही."

पेटीचं दार हर्षलनं उघडून दिलं. आत दाराजवळच खुंटीला आग ओळखायचं हातातलं यंत्र टांगलेलं होतं. भार्गवीनं ते चालू करून पाहिलं. ठणठणीत होतं.

कुंपणापलीकडून कारभारी आला. शेजारचा शेतकरी, पेटीमुळं त्याच्या विहिरीची वाट वळली होती आणि त्यावरून मच्छिंद्रशी त्याची हमरीतुमरी झाली होती, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं.

"माझ्यावर बी डोळा आसंल तुमचा," तो म्हणाला. "पर आवाज आला तवा मी हिरीवर पोरीशी फोनवर बोलत हुतो. राहात्याला दिलीय ती. तिच्या दिराला आन् सासूला बी इचारा. ती म्हनली, बापू, कसला आवाज येतोय? मी म्हनलं, पेटी फुसकारतीय. तेवढ्यात आवाज थांबला. आन् आवाज थांबला तसा फोन तुटला. रेंजच गेली. पार जनरेटर आनला तवर आमच्या गावात रेंज न्हवती."

"आवाज थांबला आणि लगेच?"

"लगीच. गावात कुनालाबी इचारा, ध्येनात हाय समद्यांच्या."

तिनं विचारलं. सगळ्यांच्या ध्यानात होतं. कुणाचं बोलणं तुटलं होतं, कुणाचं भजन. माळाच्या उतारावर मच्छिंद्रचं घर होतं. तिथं त्याची बायको ज्ञानेश्वरी उंबऱ्यात बसली होती. तिला विचारलं तेव्हा तिनं नुसतं भार्गवीकडं पाहिलं आणि पदर तोंडात धरला. सोबतची बाई म्हणाली, "त्या दिसापास्नं बोलतच न्हाई ती."

माळावर परत आल्यावर भार्गवीनं अनीश सरांना फोन लावला. या धंद्यातली तिची बाराखडी त्यांनी गिरवून घेतली होती. ही पेटीसुद्धा त्यांनीच उभी केली होती. मग दिवाळीनंतर ते पुण्यातल्या मोठ्या कंपनीत गेले.

"सर, हायड्रोजन गळायला लागला तर आपोआप पेटेल?"

"कोरडी हवा, भरधाव वायू, पेटतो. उन्हात ज्योत दिसत नाही. धगही जाणवत नाही, माणूस आत शिरेपर्यंत." सर म्हणाले. "वाचलं मी पेपरात. वाईट झालं. फोन करून माणूस बोलवावं तर रेंज नाही. तू नको फार मनाला लावून घेऊ."

"नाही सर," ती म्हणाली आणि फोन ठेवला. टॉवरच्या बुडाशी उभं राहून ती किती तरी वेळ हातातल्या मोबाईलकडं बघत राहिली. रेंजच्या सगळ्या काड्या भरलेल्या होत्या.

४

दुसऱ्या दिवशी भर दुपारी तिनं सूर्यभान, हर्षल, कारभारी आणि गावातली चार जाणती माणसं पिंजऱ्याशी बोलावली. जनरेटर थोडा वेळ बंद ठेवला होता. माळावर एवढी शांतता पसरली की टिटवीचं ओरडणंही अंगावर आलं.

"कुणीही या खडीच्या पुढं यायचं नाही," ती म्हणाली.

टाकीला जोडलेल्या बारीक नळीचं तोंड तिनं मोकळ्या जागेकडं केलं, व्हॉल्व्ह किंचित उघडला, लांब दांडीच्या लायटरनं ठिणगी दिली आणि बाजूला झाली. फुस्स असा आवाज येत राहिला. बाकी काही नाही. समोर नुसतं ऊन, पलीकडं किल्ला.

"पेटलंच न्हाई," कोणीतरी म्हणालं.

भार्गवीनं बाजारातून आणलेली केरसुणी उचलली आणि हातभर लांब धरून हळूहळू पुढं नेली. रिकाम्या हवेत एका ठिकाणी तिचं टोक भप्पकन पेटलं. जमलेली माणसं दोन पावलं मागं सरली. कारभारीनं गळ्यातली माळ मुठीत धरली. तिनं केरसुणी बाहेर काढून खडीवर आपटून विझवली, मग तिच्याच आधारानं त्या न दिसणाऱ्या आगीची कड चाचपत वळसा घेतला, टाकीपाशी पोचली आणि व्हॉल्व्ह फिरवला. आवाज थांबला.

तिनं ती केरसुणी सूर्यभानांपुढं धरली. पाती तिरकी छाटल्यासारखी जळाली होती. पोत्यातल्या केरसुणीच्या शेजारी ठेवली असती तर जुळी बहीण वाटली असती.

"ही आमच्या धंद्यातली जुनी युक्ती," ती म्हणाली. "आता बघा. त्या दिवशी नट सैल झाली, वायू सुटला, पेटला. मच्छिंद्र त्यात सापडला. नंतर कुणीतरी खोपटातून केरसुणी आणली, आग कुठवर आहे ते पाहिलं, आणि व्हॉल्व्ह बंद केला. त्या क्षणी पेटीची वीज गेली, टॉवर गेला, रेंज गेली. कारभारी तेव्हा फोनवर बोलत होते, म्हणजे ते नव्हेत. छगनबाबा आसरांचा जाळ म्हणतात. त्यांना हा वायू ठाऊक नाही, मग ते व्हॉल्व्हकडं कशाला जातील?"

"हर्षल?" सूर्यभान म्हणाले.

"हर्षलकडं पेटीची किल्ली आहे. आग ओळखायचं यंत्र आत दाराशीच टांगलंय. ते सोडून तो म्हाताऱ्याच्या खोपटात केरसुणी शोधायला जाईल? ज्याला हायड्रोजन तळहातासारखा ठाऊक आहे, पण ज्याच्याकडं आता किल्ली नाही, असं माणूस पाहिजे. मच्छिंद्रनं ज्याच्यासाठी पिंजरा न विचारता उघडला असता, असं."

"असं कोण?"

भार्गवी घोटभर पाणी प्यायली.

"काल पुण्याहून एक जण मला फोनवर म्हणाले, माणूस बोलवावं तर रेंज नाही. रेंज गेल्याचं पेपरात आलेलं नाही. आणि टॉवरखाली रेंज नसते, असं उगीच कुणाच्या डोक्यात येणार नाही. ती त्या एका दुपारी नव्हती, आणि ते फक्त इथं असलेल्या माणसालाच माहीत."

५

तिनं अनीश सरांना फोन करून एवढंच सांगितलं, "सर, मला एकटीला उलगडत नाहीये. एकदा येऊन बघाल?" अगदीच खोटं नव्हतं ते.

अनीश आले. नेहमीसारखेच नीटनेटके, बाह्या दुमडलेल्या. फाटकाशी त्यांनी तिच्या खांद्यावर थोपटलं. सूर्यभान, हर्षल आणि भार्गवी फाटकातून सरळ पिंजऱ्याकडं चालत गेले. अनीश मागून येत होते. खडी सुरू झाली तशी त्यांची पावलं आपोआप उजवीकडं वळली. मोकळ्या, स्वच्छ उन्हात, जिथं काहीच नव्हतं, त्या जागेला मोठा वळसा घालून ते टाकीच्या मागच्या बाजूनं आले आणि उभे राहिले.

सूर्यभाननी डोक्यावरचा पंचा काढला.

"साहेब, सरळ वाट सोडून वाकडे का आलात?"

अनीशनी मागं वळून आपण आलो त्या वाटेकडं पाहिलं. खडीत त्यांच्याच बुटांच्या खुणांनी कमान उमटली होती. ते तिथंच खडीवर बसले.

"वॉशर मीच चुकीची बसवली होती," ते म्हणाले. "उद्घाटनाची घाई होती. नंतर लक्षात आलं, तेव्हा मी नोकरी सोडली होती. कुणाला कशाला कळायला हवं, म्हणून गुपचूप येऊन बदलायची ठरवली. मच्छिंद्रला म्हटलं, कुणाला बोलू नको."

"व्हॉल्व्ह आधी बंद का नाही केलात, सर?" भार्गवीनं विचारलं. "पहिल्याच दिवशी तुम्ही मला शिकवलं होतं."

"बंद केला असता तर टॉवर गेला असता. हर्षलला मेसेज गेला असता, तो धावत आला असता. चुटकीसरशी होणारं काम होतं, भार्गवी. मी नट सैल केली आणि वायू एकदम सुटला. मी उडी मारून मागं झालो. मच्छिंद्र मला पाना द्यायला पुढं आला. त्याला काही दिसलंच नाही. मलाही नाही. नुसता तो… नुसता तो पेटला."

"आग बंद करून तुम्ही वॉशर बसवलीत," सूर्यभान म्हणाले. "नट आवळलीत. तो तेव्हा जिवंत होता?"

अनीशनी दुमडलेल्या बाह्या खाली ओढल्या.

"गाडी होती ना तुमच्याकडं? घालून न्यायचा."

"किल्ल्याच्या मागं लावली होती, कुणाला दिसू नये म्हणून. पळत तिथवर गेलो. फोनला रेंज नव्हती. ठरवलं होतं, जामखेडला जाऊन ॲम्ब्युलन्स पाठवायची." ते जमिनीकडं बघत राहिले. "जामखेड आलं. मी थांबलो नाही."

भार्गवीला वाटलं होतं की संताप येईल. आला नाही. ज्या माणसाचं अक्षरही तिनं गिरवलं होतं, तो खडीवर बसलेला तिला पाहवेना. ती पिंजऱ्याच्या मागं निघून गेली.

६

रविकांतना तिनं फोनवरच सांगितलं, आग आपली होती. सगळ्या पेट्यांची जोडणी उघडून तपासावी लागेल, आणि ते काम ती स्वतः करणार. मग ते "बरं" म्हणाले.

छगन सुटला. ठाण्याच्या पायरीवर तिनं त्याला सगळं समजावून सांगितलं. त्यानं मन लावून ऐकलं.

"मंजी माझ्या बोलन्यानं न्हाई मेला?"

"नाही, बाबा."

"पर बोल्लो तर हुतो," म्हातारा म्हणाला, आणि काठी टेकत माळाच्या वाटेला लागला.

नगरला परतण्याआधी भार्गवी ज्ञानेश्वरीकडं गेली. ती तशीच उंबऱ्यात होती. पोलिसांनी सांगितलेलं तिच्या कानावर आलं होतं. भार्गवी समोर उभी राहिली तेव्हा ती पहिल्यांदा बोलली. आवाज घोगरा झाला होता.

"ताई, तुमी समदं शोधून काढलं म्हनं. मग येक सांगा. त्यो लगीच गेला, का जित्ता हुता थोडा येळ?"

भार्गवीला उत्तर ठाऊक होतं. पिंजऱ्यापासून उताराच्या कडेपर्यंत मातीत अंग ओढल्याची खूण होती. जिथून हे घर दिसतं, तिथं तो सापडला होता. खोटं सांगावं असं एकदा तिच्या मनात आलं. पण उद्या कोर्टात हे सगळ्यांदेखत बोललं जाणार होतं.

"होता," ती म्हणाली. "घराच्या दिशेनं येत होता."

ज्ञानेश्वरीनं मान डोलावली, जणू तिला हेच ऐकायचं होतं.

"माझी आई सांगायची, भर दुपारी नाव घिऊन हाक आली तर पयल्या हाकंला ओ दिऊ नये. मानूस आसंल तर पुन्ना हाक मारंल. दुसरं काय आसंल, तर त्येला येकच हाक मारता येती." तिनं दाराच्या चौकटीवर हात ठेवला. "माझं नाव आलं वरनं. आवाज त्याचाच, पर लई येगळा. मी दार लोटून घेतलं. येकच हाक आली हो, ताई. दुसरीची वाट बघत मी दाराआड उभी हुते."

भार्गवी तिच्या शेजारी उंबऱ्यावर बसली. तिनं तिचा हात हातात घेतला. तो तापलेल्या दगडासारखा कोरडा होता. समोर माळावर ऊन थरथरत होतं.

खालच्या वस्तीवरून कुणा बाईनं सहज हाक मारली, "ज्ञानेश्वरे!"

"ओ!" ज्ञानेश्वरी ताडकन उठून उभी राहिली. "आले, आले!" आणि पायात वहाणा न घालता ती उतारावरून खाली धावत सुटली.